देवाच्या ज्ञानात वाढणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेत्राचे दुसरे पत्र एका आज्ञेने संपते: आपला प्रभू व तारणारा येशू ख्रिस्त याच्या कृपेत आणि ज्ञानात वाढत जा (३:१८). ही आज्ञा फक्त नव्या विश्वासणाऱ्यांसाठी असेल असे वाटू शकते. पण पत्राचे वाचक सत्यात आधीच स्थिर झालेले होते, असे पेत्रच पहिल्या अध्यायात म्हणतो. म्हणजे बाप्तिस्मा होऊन वीस वर्षे झालेल्या माणसालाही ती लागू आहे. खालचे प्रश्न शास्त्राभ्यासाच्या गटांत, तरुणांच्या सभांत आणि उपासना संपल्यावर पाळकांना पुन्हापुन्हा विचारले जातात. काहींना दोन ओळींत उत्तर देता येते, काहींना नाही.

देवाविषयी माहिती असणे आणि देवाला ओळखणे, यांत नेमका फरक काय?

शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात हा फरक एकाच छपराखाली दिसतो. याजक एलीचे मुलगे हफनी आणि फिनहास हेही याजक होते. यज्ञांचे नियम, सणांचे दिवस, कराराच्या कोशाचे महत्त्व हे सगळे त्यांच्या रोजच्या कामाचाच भाग. तरी त्यांना परमेश्वराची ओळख नव्हती, असे शास्त्र सरळ सांगून टाकते (२:१२), आणि लगेच पुरावाही देते: लोकांनी आणलेल्या अर्पणातले मांस ते दमदाटी करून उचलत.

पण त्याच मंदिरात सेवा करणाऱ्या लहान शमुवेलाविषयीही पुढच्या अध्यायात जवळजवळ तेच वाक्य आहे. त्यालाही अजून परमेश्वराची ओळख झाली नव्हती (३:७). रात्री हाक आली तेव्हा ती एलीची आहे असे समजून तो तीनदा त्याच्याकडे धावला. दोघांतला फरक पुढे दिसतो. शमुवेल म्हणाला, बोल, तुझा दास ऐकत आहे. एलीच्या मुलांनी मात्र बापाने समजावले तरी ऐकले नाही.

याकोब तर याहून बोचरे उदाहरण देतो. देव एकच आहे हे भुतेही मानतात आणि थरथर कापतात (२:१९). त्यांच्या माहितीत चूक काढता येणार नाही. कमी आहे ती भरवशाची आणि आज्ञापालनाची.

तेव्हा ओळख म्हणजे असे नाते, ज्यात देव बोलतो आणि आपण ऐकतो, त्याच्यावर विसंबतो, तसे वागतो, चुकलो की परत येतो. ते नाते सुरू कुणी केले हेही विसरू नये. गलतीकरांना लिहिताना पौल म्हणतो की तुम्ही आता देवाला ओळखता, आणि त्याच दमात दुरुस्ती करतो की खरे तर देवाने तुमची ओळख करून घेतली आहे (४:९).

मग सिद्धांत, अभ्यास यांची गरजच काय? देवावर मनापासून प्रेम असले की पुरे नाही का?

नाही. कारण प्रेम नेमके कुणावर आहे, हा प्रश्न उरतोच.

निर्गमाच्या ३२व्या अध्यायात अहरोनाने सोन्याचे वासरू केले, हे सर्वांना आठवते. त्यानंतर त्याने काय जाहीर केले हे फारसे कुणाच्या लक्षात राहत नाही: उद्या परमेश्वराप्रीत्यर्थ उत्सव आहे! लोक पहाटे उठले, अर्पणे आणली, उत्साहाला काही कमी नव्हती. नावही परमेश्वराचेच घेतले. पण समोर होते ते त्यांना सोयीचे वाटणारे रूप. आपल्या बांधवांना देवाविषयी आस्था आहे, पण ती ज्ञानाला धरून नाही, असे दुःख पौल रोमकरांस पत्रात व्यक्त करतो (१०:२). एकेकाळी तो स्वतः त्याच आवेशाने मंडळीचा छळ करत होता.

इतिहासातले एक उदाहरण घ्या. चौथ्या शतकाच्या सुरुवातीला आरियस नावाचा आलेक्सांद्रियाच्या मंडळीतला एक वडील शिकवत होता की पुत्र हा निर्माण केलेला आहे, तो नव्हता असा एक काळ होता. ३२५ साली निकिया येथे जमलेल्या बिशपांनी हे नाकारले. पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे, असा विश्वास त्यांनी मांडला. हा पंडितांचा शब्दच्छल होता असे पुष्कळांना वाटते. मला तसे वाटत नाही. आरियसचे बरोबर असते, तर येशूला पाहून देव कसा आहे हे ठामपणे सांगता आले नसते. फार तर देवाने घडवलेली सर्वांत श्रेष्ठ व्यक्ती कशी आहे एवढे कळले असते. साध्या विश्वासणाऱ्याच्या प्रार्थनेचा पाया त्या वादात पणाला लागला होता.

देव अनंत आहे. मर्यादित माणसाला तो कळणे मुळात शक्य आहे का?

पूर्ण कळणे शक्य नाही. खरे कळणे शक्य आहे. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मोशेने देवाचे तेज पाहण्याची विनंती केली. माझे मुख पाहून मनुष्य जिवंत राहू शकत नाही, असे उत्तर त्याला मिळाले. पण गोष्ट तिथे थांबली नाही. खडकाच्या भेगेत मोशेला ठेवून देव त्याच्या पुढून गेला आणि त्याने स्वतःचे नाव उच्चारले: दयाळू, कृपाळू, मंदक्रोध, दयेचा व सत्याचा सागर, आणि तरी अपराध्याला मोकळे न सोडणारा (निर्गम ३३–३४). मोशेला सगळे दिसले नाही, पण जे कळले ते खोटे नव्हते. अनुवाद या पुस्तकाच्या २९:२९ मध्ये ही सीमा स्पष्ट आखली आहे. गुप्त गोष्टी परमेश्वराच्या आहेत, प्रकट केलेल्या आपल्या आणि आपल्या मुलाबाळांच्या, आणि त्या पाळण्यासाठी आहेत.

नव्या करारात हे उत्तर एका व्यक्तीकडे बोट दाखवते. फिलिप्प म्हणाला, आम्हांला पिता दाखव. येशूचे उत्तर होते की ज्याने मला पाहिले आहे त्याने पित्याला पाहिले आहे (योहान १४:९). म्हणून देवाविषयीच्या आपल्या कोणत्याही कल्पनेची पारख येशूपाशी करावी. तुमच्या मनातला देव कुष्ठरोग्याला हात लावणारा नसेल, किंवा मंदिरातल्या सराफांचे चौरंग उलथणारा नसेल, तर ती कल्पना दुरुस्त करायला हवी.

जुन्या करारातला देव रागीट आणि नव्यातला प्रेमळ, असे नाही का?

हा समज बराच जुना आहे. दुसऱ्या शतकात मार्कियन नावाच्या शिक्षकाने जुना करारच बाजूला सारला होता आणि मंडळीने त्याला नकार दिला.

वर निर्गमातले जे वचन आले, दयाळू, कृपाळू, मंदक्रोध, ते जुन्या करारात पुन्हापुन्हा उमटते: गणनेत, नहेम्यात, योएलात, अनेक स्तोत्रांत. सर्वांत मजेशीर जागा योनाच्या चौथ्या अध्यायात आहे. निनवेच्या लोकांनी पश्चात्ताप केला, देवाने त्यांचा नाश केला नाही, आणि योना भडकला. तो तेच वचन देवापुढे म्हणून दाखवतो, पण तक्रार म्हणून! तू असाच आहेस हे मला ठाऊक होते, म्हणूनच मी पळालो होतो. देवाचा स्वभाव त्याला अचूक माहीत होता, आणि तोच त्याला नको होता. बरोबर सिद्धांत ओठांवर असलेला माणूसही देवावर रुसून शहराबाहेर बसू शकतो, ही गोष्ट बायबल वाचत मुरलेल्यांनी अधूनमधून आठवावी.

दुसऱ्या बाजूने, नव्या करारात नरकाविषयी सर्वाधिक बोलणारा स्वतः येशूच आहे. दोन्ही करारांतला देव पवित्र आहे आणि दयाळूही आहे.

बायबल वाचायला सुरुवात कुठून करावी?

मार्ककृत शुभवर्तमानापासून. १६ अध्याय, सलग वाचले तर दीड-दोन तास. त्यानंतर योहान, मग उत्पत्ती आणि निर्गम, मग रोमकरांस पत्र. स्तोत्रे मात्र पहिल्या दिवसापासून सोबत ठेवा.

पहिल्या पानापासून शेवटपर्यंत जायचे ठरवणारे बहुतेक लोक लेवीयात अडकतात. यात लाजण्यासारखे काही नाही. इब्री लोकांस पत्र वाचून मग लेवीयाकडे आलात, तर तेच यज्ञ आणि तोच महायाजक एकदम बोलू लागतात.

एक सूचना. अध्याय आणि वचनांचे आकडे मूळ लिखाणात नव्हते. आज वापरात असलेले अध्याय तेराव्या शतकाच्या सुरुवातीला स्टीफन लँग्टनने पाडले, आणि नव्या कराराच्या वचनांचे आकडे रोबेर एस्तिएन या मुद्रकाने १५५१ साली घातले. संदर्भ शोधायला ते फार सोयीचे आहेत, पण त्यांच्यामुळे एक खोड लागते: एकेक वचन सुटे काढून भिंतीवर लावण्याची. पौलाने पत्र लिहिले होते, सुविचार नव्हे. ते पत्रासारखे, एका बैठकीत वाचून बघा.

रोज किती वाचावे?

प्रोटेस्टंट बायबलमध्ये ६६ पुस्तके आणि १,१८९ अध्याय आहेत. रोज तीन-चार अध्याय वाचले तर वर्षात पूर्ण होते. कॅथलिक बायबलमध्ये ७३ पुस्तके आहेत, त्यामुळे थोडे जास्त. वर्षभराची योजना चांगली आहे, पण मागे पडलेले अध्याय भरून काढण्यासाठी धावत वाचायची वेळ आली तर ती सोडून द्या. एक परिच्छेद समजून वाचलेला बरा.

मनन म्हणजे नेमके काय करायचे? डोळे मिटून बसायचे का?

बसा हवे तर. पण शास्त्रातले मनन मन रिकामे करण्यासाठी नाही, ते वचनाने भरण्यासाठी आहे. पहिल्या स्तोत्रातला धन्य पुरुष परमेश्वराच्या नियमशास्त्राचे रात्रंदिवस मनन करतो. मंडळीच्या परंपरेत याला एक क्रमही मिळाला. बाराव्या शतकात गुइगो नावाच्या मठवासीयाने चार पायऱ्या सांगितल्या: वाचन, मनन, प्रार्थना आणि देवासमोर शांत राहणे. पायऱ्या पाठ करायची गरज नाही. एक उतारा घेऊन पाहू.

मार्क १०:४६–५२. आंधळा बार्तीमय यरीहोच्या वाटेवर बसला आहे. लोक त्याला गप्प बसायला सांगतात, तो आणखी ओरडतो, येशू थांबतो. पहिली गोष्ट हीच लिहून ठेवा: येशू थांबला. तो यरुशलेमेला, वधस्तंभाकडे निघाला आहे. गर्दी आहे, घाई आहे, आणि एका भिकाऱ्याच्या हाकेला तो उभा राहतो.

मग तो विचारतो, मी तुझ्यासाठी काय करावे अशी तुझी इच्छा आहे? आंधळ्याला हे विचारायचे? इथे अडखळा, पुढे पळू नका. जरा मागे, ३६व्या वचनाकडे जा. तिथे येशूने जवळजवळ हाच प्रश्न याकोब आणि योहान यांना विचारला आहे. त्यांना त्याच्या गौरवात उजवी-डावीकडची आसने हवी होती. बार्तीमयाला दिसायला हवे होते. शिष्यांना ऐकावे लागले की तुम्ही काय मागता हे तुम्हांला समजत नाही. भिकाऱ्याचे मागणे तिथल्या तिथे पूर्ण झाले. आणि डोळे उघडल्यावर तो घरी गेला नाही, त्या वाटेने येशूच्या मागे चालू लागला. ती वाट पंधराव्या अध्यायात कुठे पोहोचते, आणि तिथे येशूच्या उजवी-डावीकडे कोण होते, हेही पाहा.

आता तोच प्रश्न स्वतःला विचारलेला ऐका. तुम्ही काय मागाल? उत्तर प्रामाणिक द्या, भाविक नको. तुमच्या उत्तरात आसन आहे की दृष्टी, हे तुम्हांलाच कळेल. तिथून प्रार्थना आपोआप सुरू होते. यात वीस मिनिटे जातात, आणि येशू कसा आहे याविषयी सकाळी नव्हते ते काहीतरी संध्याकाळपर्यंत तुमच्याजवळ असते.

पवित्र आत्मा शिकवतो, तर मग शिक्षक, पुस्तके, पाळक कशाला?

कारण पवित्र आत्मा बहुतेक वेळा त्यांच्यामार्फतच शिकवतो. तुम्हांला कोणी शिकवण्याची गरज नाही, हे योहानाचे वाक्य (१ योहान २:२७) या वादात नेहमी पुढे केले जाते. पण ते लिहिताना योहान शिकवतच होता! तो इशारा मंडळीला बहकवणाऱ्यांविरुद्ध होता.

प्रेषितांच्या कृत्यांत हबशी अधिकारी रथात बसून यशया वाचत होता. आत्म्याला त्याच्या मनात थेट अर्थ घालता आला असता. त्याऐवजी त्याने फिलिप्पाला रथाशेजारी पळवले. अप्पुल्लो मोठा वक्ता, शास्त्रात प्रवीण, तरी प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला यांनी त्याला जवळ घेऊन देवाचा मार्ग अधिक नीट समजावला, आणि त्याने समजावून घेतला. हे दोघे तंबू करणारे कारागीर होते. शिकवणारा नेहमी व्यासपीठावरच असतो असे नाही.

शिक्षकाची पारख मात्र करावी. बिरुयातले लोक पौलाचे बोलणेसुद्धा दररोज शास्त्राशी ताडून पाहत, आणि प्रेषितांची कृत्ये लिहिणारा लूक त्यांचे कौतुक करतो. प्रश्न विचारलेला न चालणाऱ्या शिक्षकापासून लांब राहिलेले बरे.

प्रार्थनेने देवाचे ज्ञान कसे वाढते?

इफिसकरांस आणि कलस्सैकरांस पत्रांत पौलाने वाचकांसाठी केलेल्या प्रार्थना दिल्या आहेत. दोन्ही पत्रे कैदेतली. तो त्यांच्यासाठी मागतो ते असे: देवाच्या ओळखीसाठी ज्ञानाचा व प्रकटीकरणाचा आत्मा, अंतःचक्षू प्रकाशित होणे, त्याच्या इच्छेचे पूर्ण ज्ञान. आपल्या प्रार्थनायाद्यांत आजार, परीक्षा, नोकरी असतात. असाव्यातच, रोजची भाकर मागायला प्रभूनेच शिकवले. पण त्या यादीत देवाला ओळखण्याची मागणी शेवटची कधी होती, हे तपासून पाहा. ती मागणी स्वतःसाठी, मुलांसाठी, पाळकांसाठी नाव घेऊन करता येते.

शब्द सुचत नसतील तर स्तोत्रे उसनी घ्या. दीडशे आहेत.

मला बरेच काही कळते, पण आयुष्यात बदल दिसत नाही. असे का?

सर्व प्रश्नांत मला हा सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पुष्कळदा याचे उत्तर नव्या अभ्यासवर्गात सापडत नाही. आधीच कळलेल्या एखाद्या गोष्टीपाशी आपण थांबून राहिलेलो असतो.

येशूने एक विलक्षण विधान केले: कोणी देवाच्या इच्छेप्रमाणे करण्यास तयार असेल, तर ही शिकवण देवाची आहे की नाही हे त्याला समजेल (योहान ७:१७). करण्याची तयारी आधी, समजणे मागून. आपण उलट क्रम धरतो: सगळे पटू दे, मग बघू. क्षमा करण्याविषयी दहा संदेश ऐकलेल्या माणसाला क्षमा समजते ती आपले नुकसान केलेल्या एका माणसाला ती देताना. वधस्तंभावर देवाला काय सोसावे लागले याची थोडी कल्पनाही तेव्हाच येते.

यिर्मया राजा यहोयाकीमाला फटकारतो तो उतारा (२२:१३–१६) इथे वाचायलाच हवा. राजा गंधसरूचा ऐसपैस वाडा बांधत होता आणि मजुरांना मजुरी देत नव्हता. त्याचा बाप योशीया याच्याविषयी परमेश्वर म्हणतो की त्याने दीनदुबळ्यांचा न्याय केला. हेच मला ओळखणे नव्हे काय? दुसरी व्याख्या दिलेली नाही. मजुराचे पैसे वेळेवर देणे हे इथे देवाच्या ओळखीत मोजले आहे. योहानही तेच म्हणतो: जो प्रीती करत नाही, त्याने देवाला ओळखलेच नाही, कारण देव प्रीती आहे (१ योहान ४:८).

याचा अर्थ चांगल्या कृत्यांनी तारण मिळते असा नाही. तारण कृपेनेच आहे. पण कृपेने ओळख झालेल्या देवाची ओळख वाढते ती त्याच्याबरोबर चालताना.

तेव्हा करून पाहायचे तर असे करा. गेल्या काही महिन्यांत वचनातून तुम्हांला कोणती गोष्ट टोचली आणि तुम्ही ती बाजूला ठेवली? थकवलेले पैसे, तोडलेले बोलणे, लपवलेली सवय? आधी ते करा. आणि एखाद्या पापात तुम्ही पुन्हापुन्हा अडकत असाल तर एकट्याने झुंजत बसू नका. याकोब एकमेकांजवळ पातके कबूल करायला सांगतो (५:१६). विश्वासू, तोंड बंद ठेवणारी एक व्यक्ती शोधा.

ज्ञानाने गर्व येत नाही का?

येतो. पौलानेच म्हटले आहे: ज्ञान फुगवते, प्रीती उन्नती करते (१ करिंथ ८:१). करिंथातल्या काहींना मूर्ती काहीच नाही हे बरोबर कळले होते. त्या बळावर ते मूर्तींना दाखवलेले मांस दुर्बळ भावांसमोर खुशाल खात होते. पौल त्यांचा सिद्धांत खोडत नाही. ज्याच्यासाठी ख्रिस्त मेला त्या भावाचा तुमच्या ज्ञानामुळे नाश होतो, असे म्हणतो. अज्ञान हा गर्वावरचा उपाय मात्र नाही. न वाचणारेही न वाचण्याचा गर्व करतात.

देव दूर गेल्यासारखा वाटतो. वाचन, प्रार्थना सगळे कोरडे झाले आहे. काय चुकले?

कदाचित काहीच नाही. पापामुळे दुरावा येतो हे खरे, आणि तसे काही ठळक असेल तर ते तुम्हांला बहुधा माहीत असते. पण प्रत्येक कोरडा काळ शिक्षा नसतो. ईयोबाच्या मित्रांनी नेमका हाच हिशेब मांडला होता, आणि शेवटी देवाने त्यांनाच खडसावले.

८८वे स्तोत्र वाचा. ते अंधारात सुरू होते आणि अंधारातच संपते. इतर बहुतेक विलापस्तोत्रांसारखे शेवटी वळणसुद्धा घेत नाही. तरी ते शास्त्रात आहे आणि पहिल्या ओळीत देवाला माझ्या तारणाऱ्या देवा अशीच हाक आहे. ज्याला असे ओरडता येते त्याचे नाते तुटलेले नाही.

संदेष्टा एलीयाची गोष्टही जवळ ठेवण्यासारखी आहे. कर्मेल डोंगरावरच्या विजयानंतर तो रानात एका झुडपाखाली बसून मरण मागू लागला. देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर दिली, पाणी दिले, झोपू दिले. पुन्हा उठवून पुन्हा खायला दिले (१ राजे १९). देवाची मंद वाणी नंतर आली. झोप, अन्न, सोबत यांना कमी लेखू नका. उदासी आठवडेच्या आठवडे हटत नसेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर डॉक्टरांकडे जा आणि जवळच्या माणसाला आजच सांगा. त्यात विश्वासाची हार नाही.

या काळात लांब प्रार्थना करण्याचा हट्ट नको. एक लहान स्तोत्र, प्रभूची प्रार्थना आणि मंडळीत हजर राहणे एवढे धरून ठेवा. आपल्याला गाता येत नाही तेव्हा इतर गातात, ते ऐकत बसणेही उपासनाच आहे.

शंका येणे म्हणजे विश्वास नसणे का?

बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने येशूकडे बोट दाखवून देवाचा कोकरा म्हटले होते. तुरुंगातून त्यानेच निरोप पाठवला: जो येणार तो तूच, की आम्ही दुसऱ्याची वाट पाहावी? येशू रागावला नाही. आंधळे पाहतात, पांगळे चालतात, गरिबांना सुवार्ता सांगितली जाते, एवढे त्याला कळवा, असे म्हणाला. आणि निरोप्ये निघाल्यावर त्याने लोकांसमोर योहानाची थोरवी गायली (मत्तय ११). शंका घेऊन कुणाकडे जाता, हे पाहायला हवे. योहानाने ती येशूकडेच पाठवली.

देवाने मला स्वप्नात सांगितले, आवाज ऐकू आला, असे लोक म्हणतात. हे खरे मानावे का?

देव स्वप्नातून बोलल्याचे शास्त्रात आहे, तेव्हा सरसकट हसण्यावारी नेऊ नये. सरसकट मानूही नये. आत्म्यांची परीक्षा करा, अशी आज्ञा आहे (१ योहान ४:१). जे शास्त्राविरुद्ध आहे ते देवाकडून नाही. आणि माझे एक रोखठोक मत: देवाने मला सांगितले, असे म्हणून कोणी तुमच्याकडून पैसे, लग्नाला होकार किंवा गप्प राहण्याचे वचन मागत असेल, तर नाही म्हणा आणि मंडळीतल्या जबाबदार लोकांना कळवा.

मंडळीत न जाता, घरी एकट्याने देवाच्या ज्ञानात वाढता येईल का?

थोडेफार. ख्रिस्ताच्या प्रीतीची रुंदी, लांबी, उंची, खोली समजून घ्यायची आहे ती सर्व पवित्र जनांसह, असे पौल इफिस ३:१८ मध्ये म्हणतो. सहनशीलता, क्षमा, दुसऱ्याचे ओझे वाहणे या गोष्टी न पटणाऱ्या माणसांशेजारी बसल्याशिवाय शिकता येत नाहीत, आणि मंडळीत अशी माणसे हमखास भेटतात. आजारपण, छळ किंवा अंतर यांमुळे जाता येत नसेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा मंडळीने तुमच्याकडे यायला हवे.

आपण वाढत आहोत हे कसे ओळखावे?

पौल स्वतःविषयी काय म्हणत गेला ते पाहा. करिंथकरांस पहिल्या पत्रात तो स्वतःला प्रेषितांत कनिष्ठ म्हणतो. पुढे इफिसकरांस पत्रात सर्व पवित्र जनांतल्या लहानातल्या लहानाहून लहान. तीमथ्याला लिहिताना, पाप्यांतला मुख्य. सेवा वाढत गेली, आणि स्वतःचे माप घटत गेले. ही खालावलेली मनःस्थिती नव्हे. याच पत्रांत आनंद आणि उपकारस्तुती ओसंडून वाहते. कृपा जितकी मोठी दिसू लागली, तितके स्वतःविषयीचे भ्रम गळून पडले.

स्वतःची नाडी रोज तपासू नका. वर्षा-दोन वर्षांनी घरच्यांना विचारा: मी पूर्वीपेक्षा लवकर माफी मागतो का? माझ्याशी मतभेद दाखवायला तुम्हांला भीती वाटते का? घरच्यांची उत्तरे सहसा खरी असतात.

मला वाचता येत नाही, किंवा डोळे साथ देत नाहीत. मी कसे वाढावे?

ऐकून. छपाईचे यंत्र युरोपात पंधराव्या शतकाच्या मध्याला आले. त्याआधीच्या बहुसंख्य विश्वासणाऱ्यांनी शास्त्र कानांनीच ग्रहण केले. कलस्सैचे पत्र मंडळीत वाचून दाखवा आणि मग लावदिकीयाच्या मंडळीतही वाचले जाईल असे करा, असे पौल सांगतो. प्रकटीकरणाच्या सुरुवातीला वाचून दाखवणाऱ्याला आणि ऐकणाऱ्यांना दोघांनाही धन्य म्हटले आहे (१:३). आज मोबाइलवर ध्वनिमुद्रित बायबल मोफत मिळते. लावून देण्यासाठी घरातल्या किंवा मंडळीतल्या कुणाची मदत घ्या. रोज नवा अध्याय लावण्यापेक्षा आठवडाभर एकच अध्याय ऐका, आणि मग तो कुणाला तरी स्वतःच्या शब्दांत सांगा. सांगताना जिथे अडाल, तो भाग पुन्हा लावा.